फिरत्या घराची बॅटरी : निवडताना हिशेब, वापरताना शिस्त

कॅराव्हॅन मुक्कामाच्या जागी उभी राहते, इंजिन बंद होते आणि त्या क्षणापासून गाडीतील दिवे, पंखे, पाण्याचा पंप व फ्रिज यांचा सारा भार एका बॅटरीवर येतो. ती सकाळपर्यंत टिकली तर तिची आठवणही कोणाला होत नाही. पहाटे तीन वाजता ती बंद पडली तर मात्र उकाड्यात झोपलेल्या मुलांपासून फ्रिजमधील औषधांपर्यंत अनेक गोष्टी पणाला लागतात. वापरात न घेतलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, हे लक्षात घेतले तर मधुमेही प्रवाशासाठी ही बॅटरी केवळ सोयीची वस्तू राहत नाही.

भारतात गाडीतच मुक्काम करण्याची पद्धत नवी असली तरी ती आता रुजू लागली आहे. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची स्वतंत्र धोरणे जाहीर केली. भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅनखेरीज स्वतःची व्हॅन वा मिनीबस फिरत्या घरात रूपांतरित करून घेणारी कुटुंबेही दिसू लागली आहेत. अशा गाडीत पलंग, ओटा आणि पडदे यांवर बराच विचार होतो. बॅटरीची निवड मात्र अनेकदा दुकानदाराच्या एका वाक्यावर होते. त्यामुळे पाच-सहा वर्षे टिकू शकणारी बॅटरी दीड-दोन वर्षांतच निकामी झाल्याची तक्रार ऐकू येते. बहुतेक प्रसंगी दोष बॅटरीच्या घडणीत नसतो. गरजेचे मोजमाप न करता ती निवडलेली असते आणि पूर्ण चार्ज न करता वापरलेली असते.

दोन बॅटऱ्या, दोन वेगळी कामे

प्रत्येक गाडीत इंजिन सुरू करण्यासाठी एक बॅटरी असते. तिने काही सेकंदांत शेकडो अँपिअर प्रवाह द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून ती ऊर्जा परत घ्यायची, एवढेच तिचे काम. त्यासाठी तिच्यातील शिशाच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने अधिक असतात, जेणेकरून आम्लाशी संपर्क येणारा पृष्ठभाग मोठा राहतो. अशी बॅटरी रात्रभर पंखा आणि फ्रिज चालवून वारंवार रिकामी केली तर पातळ पट्ट्यांवरील सक्रिय द्रव्य सुटून तळाशी साचते आणि काही डझन वेळांतच तिचा कस जातो.

डीप सायकल बॅटरीची रचना याच्या उलट असते. तिच्यातील पट्ट्या जाड असतात आणि त्यांवरील लेप अधिक घट्ट असतो. ती एकदम मोठा झटका देण्यापेक्षा तासन्‌तास मध्यम प्रवाह देण्यासाठी आणि पुन्हा भरली जाण्यासाठी बनवलेली असते. भारतीय वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. घरातील इन्व्हर्टरला जोडलेली ट्युब्युलर बॅटरी आणि ई-रिक्षाच्या आसनाखालील बॅटऱ्या याच कुळातील आहेत. फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी प्रथम तयार केली; तेव्हापासून मूळ रसायन तेच राहिले, कामानुसार पट्ट्यांची घडण बदलत गेली.

म्हणून कॅराव्हॅनमध्ये इंजिनाची आणि घराची बॅटरी स्वतंत्र ठेवणे हा पहिला नियम ठरतो. घराचा भार इंजिनाच्या बॅटरीवर टाकल्यास सकाळी गाडीच सुरू न होण्याचा धोका असतो आणि तो नेमका निर्जन ठिकाणी समोर येतो.

लेबलवरील आकड्याचा अर्थ

बॅटरीवर १००, १५० किंवा २०० असा अँपिअर-तासाचा आकडा छापलेला असतो. १०० अँपिअर-तास म्हणजे तत्त्वतः ५ अँपिअर प्रवाह २० तास. हा आकडा किती तासांच्या गतीने मोजला आहे, हे त्यासोबतच्या सी-२० किंवा सी-१० या खुणेवरून कळते. सी-२० म्हणजे २० तासांत, तर सी-१० म्हणजे १० तासांत बॅटरी रिकामी करून केलेली मोजणी. शिसे-आम्ल बॅटरीतून प्रवाह जितका वेगाने काढावा तितकी तिची उपयुक्त क्षमता घटते. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये हा संबंध गणिताने मांडला. त्यामुळे सी-२० वर १५० अँपिअर-तास असलेली बॅटरी सी-१० वर १५० असलेल्या बॅटरीपेक्षा प्रत्यक्षात लहान असते. दोन बॅटऱ्यांच्या किमतीची तुलना करण्यापूर्वी ही खूण एकच आहे ना, हे पाहावे.

दुसरी गोष्ट अशी की, छापलेली सारी क्षमता वापरण्यासाठी नसते. शिसे-आम्ल बॅटरी नियमितपणे निम्म्यापर्यंतच रिकामी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ती दर वेळी ८० टक्के रिकामी केली तर तिला मिळणारी चक्रे, म्हणजे भरण्या-उपसण्याच्या फेऱ्या, लक्षणीयरीत्या कमी होतात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीतून मात्र ८० टक्के ऊर्जा नियमितपणे घेता येते.

आधी गरज मोजावी

बॅटरी किती मोठी घ्यावी याचे उत्तर दुकानात नव्हे, वहीत सापडते. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि ते दिवसातून किती तास चालणार ते तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. चार जणांच्या कुटुंबाचे एक उदाहरण घेऊ.

१२ व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा आहे आणि उन्हाळ्यात त्याचा कॉम्प्रेसर दिवसभरात एकूण १० तास चालतो, असे मानले तर ४५० वॅट-तास होतात. प्रत्येकी १५ वॅटचे दोन पंखे ८ तास चालले तर २४०. पाच वॅटचे चार एलईडी दिवे ५ तास लावले तर १००. मोबाइल आणि लॅपटॉप चार्ज करण्यासाठी सुमारे १२०. साठ वॅटचा पाण्याचा पंप पाव तास चालला तर १५. ही बेरीज ९२५ होते. वायरिंगमधील थोडी गळती धरून ती ९६० मानू. बारा व्होल्टने भागल्यास दिवसाचा वापर ८० अँपिअर-तास येतो.

ढगाळ हवामानात किंवा एकाच जागी थांबल्यास दोन दिवस चार्जिंग मिळणार नाही, असे गृहीत धरले तर १६० अँपिअर-तास प्रत्यक्ष वापरण्यासाठी हवेत. शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मीच ऊर्जा घ्यायची असल्याने ३२० अँपिअर-तासांची क्षमता लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये २०० अँपिअर-तास पुरतील. रोज चार्जिंगची खात्री असेल तर हे दोन्ही आकडे निम्मे होतात. म्हणजेच प्रवासाची पद्धत बदलली की बॅटरीचा आकार बदलतो.

या हिशेबात दोन उपकरणे मुद्दाम वगळली आहेत. खोलीसाठीचे वातानुकूलन यंत्र रात्रभर चालवल्यास चार ते सहा हजार वॅट-तास सहज लागतात. म्हणजे वरील कुटुंबाच्या चार ते सहा दिवसांच्या विजेइतके. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरमार्फत चालवल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १९० अँपिअर प्रवाह ओढला जातो. ही उपकरणे मुक्कामाच्या जागी २३० व्होल्टची जोडणी मिळेल तेव्हाच वापरण्याचे ठरवले, तर बॅटरीवरील खर्च आणि गाडीवरील वजन दोन्ही आटोक्यात राहतात.

कोणता प्रकार घ्यावा

बाजारात चार मुख्य पर्याय आहेत. पहिला, पाणी टाकावी लागणारी शिसे-आम्ल बॅटरी. ती सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी आहे. लहान गावातही तिची तपासणी करणारा कारागीर सापडतो. मात्र घरगुती इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी एका जागी स्थिर ठेवण्यासाठी बनलेली असते. घाटातील वळणे, खड्डे आणि कलंडणे यांत तिच्यातील आम्ल सांडू शकते आणि हादऱ्यांनी पट्ट्यांना इजा होऊ शकते. शिसे-आम्ल बॅटरीच घ्यायची असेल तर वाहनातील वापरासाठी म्हणून बनवलेली ट्रॅक्शन प्रकारची डीप सायकल बॅटरी मागावी.

दुसरा पर्याय एजीएम. यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेले असते. ती सांडत नाही, तिच्यात पाणी टाकावे लागत नाही आणि ती हादरे चांगले सोसते. जेल हा तिसरा पर्याय. त्यात आम्ल घट्ट जेलच्या रूपात असते. दोन्हींना जादा व्होल्टेज सोसत नाही. जादा चार्जिंगमुळे आतील पाणी एकदा वायुरूपाने निघून गेले की ते पुन्हा भरता येत नाही.

चौथा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेटचा. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये या द्रव्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. अक्षय पाढी हे त्या निबंधाचे पहिले लेखक होते. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोबाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या अनेक लिथियम बॅटऱ्यांच्या तुलनेत हे रसायन उष्णतेत अधिक स्थिर असते. उत्पादक तिला साधारणतः दोन ते पाच हजार चक्रांचे आयुष्य सांगतात. वरील उदाहरणातील दोन पर्यायांच्या वजनाचा फरक बोलका आहे. दीडशे अँपिअर-तासांच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या मिळून शंभर किलोपेक्षा अधिक भरतात. २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण २२ ते २५ किलोची असते.

किंमत मात्र प्रारंभी जास्त द्यावी लागते. वर्षातून दोनच सहली करणाऱ्या कुटुंबाला चांगली शिसे-आम्ल किंवा एजीएम बॅटरी पुरेशी ठरू शकते. महिन्यातून अनेक रात्री गाडीत काढणाऱ्याला मात्र प्रत्येक चक्रामागील खर्च मोजल्यास लिथियमच स्वस्त पडण्याची शक्यता अधिक. लिथियम बॅटरीत घटांचे नियंत्रण करणारी बीएमएस ही यंत्रणा असते. ती किती अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते, कमी तापमानात चार्जिंग थांबवते का आणि हमी कोण देतो, हे लेखी घ्यावे. सुट्या घटांची जुळणी करून विना-बिल विकली जाणारी बॅटरी, माणसे झोपतात त्या गाडीत बसवू नये.

खरेदीच्या वेळी उत्पादनाची तारीखही पाहावी. शिसे-आम्ल बॅटरी दुकानात पडून असतानाही हळूहळू उतरत असते. जोडणीशिवाय मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टपेक्षा कमी दाखवणारी नवी बॅटरी स्वीकारू नये.

चार्जिंगचे तीन मार्ग

कॅराव्हॅनची बॅटरी तीन मार्गांनी भरता येते : चालत्या इंजिनाचा अल्टरनेटर, छतावरील सौर पॅनेल आणि मुक्कामाच्या जागेची २३० व्होल्टची जोडणी.

पूर्वी दोन बॅटऱ्यांमध्ये एक रिले बसवून अल्टरनेटरकडून चार्जिंग केले जाई. नव्या भारत स्टेज ६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटरचे व्होल्टेज इंधन वाचवण्यासाठी सतत बदलत राहते. त्यामुळे घराची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून बिघडू शकतो. या दोन्हींवर डीसी-टू-डीसी चार्जर हा उपाय आहे. तो येणारे व्होल्टेज बॅटरीला हवे तसे करून देतो आणि प्रवाहाला मर्यादा घालतो. तीस अँपिअरचा असा चार्जर तीन तासांच्या प्रवासात ९० अँपिअर-तासांपर्यंत ऊर्जा देऊ शकतो, म्हणजे वरील कुटुंबाची साधारण एका दिवसाची गरज.

छतावर सपाट बसवलेले ३०० वॅटचे सौर पॅनेल निरभ्र दिवशी साधारणपणे ९०० ते १,२०० वॅट-तास देते. हा आकडा त्याच कुटुंबाच्या गरजेच्या जवळ जातो. परंतु पावसाळ्यात तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. सावलीसाठी गाडी झाडाखाली उभी केली तरी तेच घडते. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये एमपीपीटी प्रकारचा नियंत्रक असल्यास उपलब्ध प्रकाशाचा उपयोग अधिक चांगला होतो.

चार्जरवर बॅटरीचा प्रकार योग्य निवडणे अत्यावश्यक आहे. पाण्याच्या शिसे-आम्ल बॅटरीला मुख्य चार्जिंगसाठी सुमारे १४.४ ते १४.८ आणि भरल्यानंतर तशीच राखण्यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेटला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्ट चालतात. एकाची मांडणी दुसऱ्याला लावल्यास बॅटरी अर्धवट भरते किंवा जादा चार्ज होते. अंतिम आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

शिसे-आम्ल बॅटरीची आणखी एक सवय ध्यानात ठेवावी. पहिले ८० टक्के ती झपाट्याने घेते. उरलेल्या २० टक्क्यांना मात्र अनेक तास लागतात. रोज दोन तास गाडी चालवून बॅटरी भरली असे समजणारा प्रवासी तिला रोज अर्धपोटी ठेवत असतो. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात व पुढे चार्जिंगनेही ते विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या अकाली मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे. आठवड्यातून किमान एकदा तिला २३० व्होल्टच्या चार्जरवर किंवा पूर्ण उन्हात पोटभर चार्जिंग मिळाले पाहिजे. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट भरलेल्या अवस्थेचा असा त्रास होत नाही. हा तिचा मोठा लाभ आहे.

बसवताना सुरक्षितता

पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. अशी बॅटरी झोपण्याच्या जागेपासून वेगळ्या, बाहेरच्या हवेशी जोडलेल्या बंदिस्त पेटीत असावी. हा वायू हलका असल्याने त्याला बाहेर जाण्याची वाट पेटीच्या वरच्या भागात ठेवावी. एजीएम आणि जेल बॅटऱ्यांतून सामान्यतः वायू निघत नाही, पण जादा चार्जिंग झाल्यास त्यांच्याही झडपा उघडतात.

बॅटरी पट्ट्याने किंवा चौकटीने घट्ट बांधलेली असावी. अचानक ब्रेक लागल्यावर पन्नास किलोची सुटी वस्तू प्राणघातक ठरते. धन टर्मिनलच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज हवा, कारण फ्यूजपूर्वीची तार घासून उघडी पडल्यास तिला कोणतेच संरक्षण उरत नाही. लिथियम बॅटरी शॉर्ट सर्किटमध्ये प्रचंड प्रवाह देत असल्याने तेवढा प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकणारा फ्यूज तिच्यासाठी निवडावा लागतो. हजार वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर सुमारे १०० अँपिअर ओढतो. त्यासाठी जवळच्या अंतरावरही साधारण ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते. बारीक तार तापते आणि गाडीला आग लागण्याचे निमित्त होते.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या असतील तर त्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. धन तार एका बॅटरीवरून आणि ऋण तार दुसरीवरून घेतल्यास भार समान वाटला जातो. जुन्या बॅटरीला नवी जोडल्यास नवी लवकर जुनी होते. गाडीत कायमस्वरूपी बदल करण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मधील तरतुदी पाहाव्यात आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मान्यता लागते का, याची खातरजमा करावी.

रोजची आणि महिन्याची निगा

बॅटरी किती भरली आहे हे कळल्याशिवाय तिची निगा राखता येत नाही. शिसे-आम्ल बॅटरी काही तास भाराशिवाय व चार्जिंगशिवाय ठेवून व्होल्टेज मोजल्यास १२.७ च्या आसपास पूर्ण, १२.४ ला सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ ला निम्मी आणि १२ व्होल्टला एक चतुर्थांश भरलेली समजावी. फ्रिज चालू असताना घेतलेले माप फसवे असते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहत असल्याने तिथे हा उपाय चालत नाही. तिच्यासाठी शंटवर आधारित मॉनिटर बसवावा. तो आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजून शिल्लक दाखवतो.

अनेक १२ व्होल्ट फ्रिजमध्ये बॅटरी संरक्षणाचे कमी, मध्यम व उच्च असे टप्पे असतात. तो कोणत्या व्होल्टेजला बंद पडतो, हे प्रवासापूर्वी घरीच तपासावे. फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल तर आत लहान तापमापी आणि सोबत बर्फाच्या पिशव्यांची वेगळी पेटी ठेवणे शहाणपणाचे. मात्र इन्सुलिन बर्फाला चिकटून गोठणार नाही, याची काळजी घ्यावी. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही.

पाण्याच्या बॅटरीची पातळी महिन्यातून एकदा पाहावी, उन्हाळ्यात दोनदा. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी चार्जिंगपूर्वी टाकावे. एरवी चार्जिंग पूर्ण झाल्यावरच पातळी खुणेपर्यंत आणावी. फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे. नळाच्या वा पिण्याच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांवर विपरीत परिणाम करतात. सामान्य देखभालीत आम्ल कधीही टाकू नये, कारण आटते ते पाणी; आम्ल आतच राहते. हे काम करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असावेत, अंगठी व घड्याळ काढून ठेवावे आणि जवळ ज्योत वा सिगारेट नसावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसल्यास खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि ब्रश यांनी ती साफ करावी, टर्मिनल कोरडे करून व्हॅसलिन लावावे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे काम अधिक वेळा करावे लागते.

उन्हाळा, हिमालय आणि दीर्घ विश्रांती

भारतात एकच गाडी मे महिन्यात विदर्भातील ४५ अंशांत आणि ऑक्टोबरमध्ये लडाखच्या गोठणबिंदूखालील रात्रीत उभी राहू शकते. उष्णता बॅटरीची मोठी शत्रू आहे. शिसे-आम्ल बॅटरीचे तापमान २५ अंशांवरून साधारण ८ ते १० अंशांनी कायम वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. म्हणून ती इंजिनाजवळ किंवा उन्हाने तापणाऱ्या पत्र्याला लागून ठेवू नये. तापमानानुसार व्होल्टेज कमी-अधिक करणारा चार्जर घेतल्यास उन्हाळ्यातील जादा चार्जिंग टळते.

थंडीत धोके वेगळे असतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून तिला कायमची इजा होते. वापर चालू शकतो, पण चार्जिंग बॅटरी उबदार झाल्यावरच करावे. पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीतील द्रव लडाखच्या थंडीतही गोठत नाही; रिकामी बॅटरी मात्र उणे १० अंशांच्या आसपास गोठून फुटू शकते. थंड प्रदेशात रात्री बॅटरी भरलेली असावी, हा यातील धडा.

सर्वाधिक हानी अनेकदा प्रवासात न होता घरासमोर उभ्या गाडीत होते. दिवाळीच्या सहलीनंतर अर्ध्यावर आलेली बॅटरी तशीच सोडून गाडीवर आच्छादन घातले जाते. आत एखादा लहान दिवा, गॅस-गळती सूचक वा स्टिरिओ थोडा थोडा प्रवाह घेत राहतो आणि मे महिन्यात ती उठत नाही. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून, मुख्य स्विचने वेगळी करून ठेवावी आणि दर महिन्याला किंवा सौर नियंत्रकाद्वारे सतत भरत राहावी. लिथियम बॅटरी उलट ५० ते ६० टक्के भरलेल्या अवस्थेत, भारापासून वेगळी आणि थंड जागी ठेवणे योग्य; दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासावी.

निवृत्तीनंतरची जबाबदारी

बॅटरी निकामी झाली तरी तिची गोष्ट संपत नाही. शिसे जवळजवळ पूर्णपणे पुन्हा वापरता येते आणि म्हणूनच जुन्या बॅटरीला चांगली किंमत मिळते. ती दारावरच्या भंगारवाल्याला दिली तर ती उघड्यावर फोडली जाण्याची, आम्ल गटारात आणि शिशाचा धूर वस्तीत जाण्याची शक्यता असते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० मधील अहवालाने जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे चिंताजनक प्रमाण असल्याचा अंदाज मांडला; बॅटऱ्यांचा असुरक्षित पुनर्वापर हे त्यामागील एक मुख्य कारण म्हणून नोंदवले गेले. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी आणि तिची वजावट बिलावर दाखवून घ्यावी. लिथियम बॅटरी तर भंगारात टाकूच नये. चिरडली वा भोसकली गेल्यास ती पेट घेऊ शकते.

निघण्याच्या आदल्या दिवशी चार गोष्टी तपासल्या तरी बरेच साधते : बॅटरी पूर्ण भरली आहे का, टर्मिनल घट्ट आहेत का, पाण्याची पातळी योग्य आहे का आणि फ्रिज व पंखे एक रात्र घराच्या दारातच चालवल्यावर सकाळी किती शिल्लक उरते. शेवटची चाचणी थोडी गैरसोयीची आहे, परंतु ती घरी केल्यास कमतरता उघड झाली तरी मदत हाकेच्या अंतरावर असते.